पाण्यात पाहणं

क्लबच्या यादीत आमच्या नावापुढे लिहिलं होतं:
विल्या, वय पंधरा, उताणी पोहते,
शेंगदाणे चालत नाहीत, मांजर चालेल.
आमच्याकडे मांजर नव्हतं.
आईनं शेजारच्या फिलोमेनाबाईंचं मागून आणलं,
आणि माझी खोली देऊन टाकली तिला,
पलंगासकट, खिडकीसकट,
खिडकीतल्या पिकूच्या डोंगरासकट.
मला शिवणयंत्राजवळ गादी.
रात्री कूस बदलली की टाचणी टोचायची.

फिनलंडहून अकरा पोरं उतरली होती आमच्या बेटावर,
केस क्लोरीननं हिरवट, खांदे दारात न मावणारे.
दोघं बेकरीवाल्याकडे, तिघं दंतवैद्याकडे,
असे वाटले गेले सगळे, लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे.
आमच्या वाट्याला आली ती सगळ्यात कमी बोलणारी.
तिचा निळा पोशाख आणि बाबांचे खारवलेले मासे
एकाच दोरीवर वाळत.

आमच्या भाषेत मुलीला म्हणतात फिल्या.
विल्या, फिल्या,
एका अक्षराचा फरक,
आणि आई तो दुसऱ्याच दिवशी विसरली.

मी तिला पाण्यात पाहू लागले.
स्वयंपाकघरात, जिन्यावर, अंगणात,
सगळीकडे पाण्यातच.

शनिवारी शर्यत होती.
त्यांच्याकडे म्हणे तलावावर छप्पर असतं,
छताच्या पट्ट्या बघत बघत माणूस सरळ जातो.
आमच्या तलावावर नुसतं आभाळ.
ढग पूर्वेकडे निघाले होते,
ती त्यांच्यामागे गेली
दोरीला कोपर घासत.
आठात सातवी.
मला बरं वाटलं.
मग कोपराचं रक्त दिसलं, तेव्हाही थोडा वेळ
बरंच वाटत राहिलं.

रात्री दहाला ती पायरीवर बसली होती,
मांजर मांडीवर, मान वर.
काय झालं, मी फोनवर लिहिलं.
तिनं उत्तर लिहिलं, फोननं उलथं करून दाखवलं:
मे महिन्यापासून आमच्याकडे अंधार बंद आहे.
दुकान बंद असतं तसा.
मी शेजारी बसले.
आमचा अंधार उघडा होता,
अगदी वरच्या फळीपर्यंत भरलेला.
मला तो कधी दिसलाच नव्हता, मालकाला माल दिसत नाही तसा.

बाबांनी चाळीस वर्षं ट्यूना मारली,
पोहता येत नाही.
पोहणाऱ्याला मरायला जास्त वेळ लागतो, एवढंच, ते म्हणायचे.
त्या रविवारी मात्र
लाव्हाच्या काळ्या खडकांत समुद्राचं पाणी अडतं तिथे
ते टोपी माझ्या हातात देऊन उतरले.
कोणी सांगितलं नव्हतं. आईनं तर हात कपाळाला लावला.
विल्यानं त्यांच्या डोक्याखाली तळवा धरला,
दुसरा पाठीखाली,
आणि बोट वर केलं: तिकडे बघा.
शनिवारी जिनं तिला फसवलं होतं
तीच जागा दाखवली तिनं.

तळवा कधी काढून घेतला, त्यांना कळलं नाही.
मला कळलं.
मी सातपर्यंत मोजलं.
मग बाबा घाबरून उभे राहिले.
पाणी कमरेएवढंच होतं.
पुन्हा, ते म्हणाले.
तिला तो शब्द येत नव्हता,
तिनं पुन्हा तळवा धरला.

त्या दुपारी मी तिला पाण्यात पाहिलं.
म्हणजे खरोखरच, पाण्यात.
ओले केस डोळ्यांवर आलेले,
ओठ मोजत होते तिच्या भाषेतले आकडे.

मंगळवारी सगळे गेले.
मांजर परत दिलं, दोनदा, दोन्ही वेळा आलं.
खोलीला तलावाचा वास होता.
चादर धुवायला टाक, आई म्हणाली.
उद्या टाकते, म्हटलं,
आणि त्याही रात्री टाचण्यांतच झोपले.